आमच्या बाई शिकवतात

सोमवार

नवं सत्र, नवी शाळा, नवा वर्ग! तिसरीचा वर्ग मिळालाय. दोन मोठ्या खिडक्या, काळाभोर फळा, खडूंचा कोरा खोका. मुख्याध्यापक म्हणाले, पोरं गुणी आहेत, फक्त जरा सांभाळून घ्या. मला काय सांगता! आधीच्या शाळेत मुलं माझ्या मागेमागे घरापर्यंत यायची.

आत शिरताच सगळी ताडकन उभी राहिली. मी बसा म्हटलं, पण बसली नाहीत. आधी मागच्या भिंतीकडे वळून पाहिलं आणि मग बसली. लाजत असतील बिचारी.

मंगळवार

काहीही करायला जा, एकच पालुपद : आमच्या बाई असं नाही शिकवत. मग मी कोण, शेजारची?

शिपाईकाकांना विचारलं. म्हणाले, आधीच्या बाई वर्गात मागे उभं राहूनच शिकवायच्या. गेल्या सत्रात तिथेच, भिंतीला टेकल्या टेकल्या गेल्या. मुलांना वाटलं, धडा ऐकताहेत.

वाईट वाटलं. तरी चुकीचा काळ कसा खपवून घेऊ? फळ्यावर लिहिलं, ‘आमच्या बाई शिकवायच्या.’ मुलांनी वह्यांत उतरवलं, ‘आमच्या बाई शिकवतात.’ एकजात सगळ्यांनी.

गुरुवार

नवरा चिडवतो, गेलेल्या बाईशी कसली स्पर्धा करतेस? हसण्यावारी नेलं, पण आतून नुसता जळफळाट होतोय. आज गोष्ट रंगवून सांगितली, आवाज काढले, घसा बसला. पहिल्या बाकावरची चिमणी खुदकन हसली. तेही मागे वळून, त्यांच्याकडे बघून! मी यांचं काय घोडं मारलंय? मला हवीत ही मुलं. माझी म्हणून हवीत.

शुक्रवार

आज मीच मागे जाऊन उभी राहिले. भिंतीवर पाठीएवढा भाग गुळगुळीत झालाय, बरोबर तिथेच टेकले. गार होती भिंत. बसा म्हटलं.

बसली! एका शब्दात! चिमणी वळून म्हणाली, “आमच्या बाई!” मला रडूच कोसळलं. जिंकले मी.

घंटा झाली. मुलं गेली. पाठ भिंतीपासून सुटत नाही— शिपाईकाका दार लावायला आले. हाका मारल्या, जीव तोडून. रिकाम्या भिंतीवरून फिरवावी तशी माझ्या अंगावरून नजर फिरवली आणि कडी—

वार कळत नाही

रोजनिशी टेबलावर राहिली. शुक्रवारपासूनचं सगळं भिंतीवर लिहितेय, हातातल्या खडूनं. भूक लागत नाही. नवरा येऊन गेला— मुख्याध्यापक त्याला धरून उभे होते. रडत होता. मी इथे आहे रे—

सोमवार असावा

नव्या बाई आल्या. हसऱ्या, कोऱ्या साडीतल्या. मुलं उभी राहिली. त्या म्हणाल्या, बसा.

मुलं मागे वळली. माझ्याकडे! माझी आहेत ती. नाही बसू देणार, राहू देत उभी, कळू दे हिला—

बसली.

पण मी बोललेच नाही. ओठसुद्धा हलवले नाहीत—

चिमणी अजून बघतेय. हसतेय. माझ्याकडे नाही. माझ्या शेजारी— खांद्याला कुणाचातरी गार खांदा—