गाडी थंड होईपर्यंत

प्रिय दादा,

गेल्या आठवड्यात तुझ्या गाडीचा टर्बो उघडला. त्यात जे दिसले, ते तुझ्याखेरीज कोणाला सांगण्यात अर्थ नाही. घरी सांगितले असते, तर "बरं झालं" म्हणून सगळ्यांनी ताटावर बोलावले असते. म्हणून हे पत्र. तू उत्तर देणार नाहीस, याची कल्पना आहे. हयात असतानाही माझ्या पत्रांना तू कधी उत्तर दिले होतेस?

मी थकलो आहे, दादा. पन्नाशी उलटल्यावर गाडीखाली सरकणे जमते, बाहेर येणे जमत नाही. गेला महिनाभर दर रविवारी चंद्रपूरहून बल्लारपूरला येऊन तुझ्या अंगणात पाठीवर पडलो आहे. बायको म्हणते, "भावाची आठवण म्हणून फोटो लावतात लोक, तुम्ही कंबर मोडून घेता." तिचे चुकते असे मला वाटत नाही.

पण इलाज नव्हता. वहिनी दिवाळीनंतर नागपूरला लेकीकडे राहायला जाणार, भाड्याचे घर सुटणार. तू गेल्यापासून गाडी अंगणातून हलली नव्हती. भंगारवाला येऊन बोनेटवर टिचक्या मारून गेला. "बाई, दोन दरवाजाची गाडी कोन घेईन? तोडूनच विकावं लागन," असे तो वहिनींना म्हणाला. वहिनींनी मला स्पष्ट शब्दांत निरोप धाडला: दसऱ्याच्या आत गाडी स्वतःच्या बळावर फाटकाबाहेर पडली तर ती तुमची, नाहीतर त्याची.

नागभीडकडच्या धानाच्या बांधीतला तुझा हिस्सा विकून तू ही गाडी आणलीस, तेव्हा मी तुझ्याशी बोलणे टाकले होते. आठवते? सिंगापूरहून परतलेल्या कोण्या गृहस्थाने नागपुरात विकायला काढलेली, लाल, जमिनीला टेकलेली, कागद कारखान्याच्या सायकलींच्या गर्दीत परग्रहावरून उतरल्यासारखी दिसणारी! तू बॉयलरवर काम करणारा माणूस. टर्बो म्हणजे काय, हे तू मला एका वाक्यात समजावलेस: "वाया जानाऱ्या धुराले कामाले लावलं, बाबू, एवढंच."

एवढेच नव्हते, दादा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, यंत्राशी माझा संबंध नाही; पण गाडीची माहितीपुस्तिका आपल्या दोघांत मी एकट्याने वाचली होती. धुराच्या जोराने फिरणारे ते चाक तापून लाल होते. त्याच्या दांड्याभोवती तेल खेळत असते म्हणून ते तगते. धावून आलेली गाडी लगेच बंद केली, की तेल जागच्या जागी थांबते, करपते आणि त्याचा कोळसा होतो. म्हणून थांबल्यावर काही मिनिटे इंजिन मंद चालू ठेवायचे, मगच किल्ली फिरवायची. इतकी साधी शिस्त! ती तुला कधी पाळता आली नाही.

शेजारच्या मुलाच्या वरातीत तू ही गाडी दिलीस. नवरदेव फेट्यासकट मागच्या सीटवर शिरला खरा, पण छत इतके बुटके की मांडवापर्यंत तो मान खाली घालूनच बसला. "राहू दे, आजपासूनच सवय होईन त्याले!" तू ओरडलास, आणि वरातीत हशा पिकला. भर मे महिन्यातली ती रांगती मिरवणूक, तापमापीचा काटा वर गेलेला. मी खिडकीला लटकून सांगतो आहे, "दादा, बंद करू नको, थांब जरा," आणि तू माझ्याकडे पाहत किल्ली फिरवलीस, बोटावर गरगरवलीस आणि म्हणालास, "गाडी माही हाये, बाबू. तिले झोप आली, तं झोपू दे ना!"

हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल! गाडी तुझी, पण एअर फिल्टरमधली कोळशाची धूळ झटकायला मी. नट मनगटाच्या अंदाजाने आवळायला तू, आणि ते ठरल्या मापाने पुन्हा आवळायला मी. दसऱ्याला बोनेटवरच्या हवेच्या तोंडावर झेंडूचा हार तू घालायचास, आणि आत पडलेल्या पाकळ्या चिमट्याने मी वेचायचो.

मग तूही तसाच गेलास. चहा ठेवायला सांगितलास, आणि चहा होईपर्यंत तू नव्हतास. त्याआधी महिनाभर छातीत दुखत होते, हे वहिनींनाही कळू दिले नाहीस. असे कोणी जाते का, दादा? धावता धावता?

तर, टर्बो. गाडी सुरू होत होती, पण ओढत नव्हती. कारण मला ठाऊकच होते. तुझ्या सवयीने तेल करपून दांडा जाम झाला असणार. गंजलेल्या नटांना तेल पाजत दोन रविवार घालवले. मनात तुझ्यासाठी भाषण तयार होते, त्याची सुरुवात "मी सांगितले होते" अशी होती. झाकण निघाले. मी बोट लावले, आणि चाक फिरले! अलगद, आवाज न करता. तेलाच्या वाटेत बॅटरीचा उजेड टाकला. कोळशाचा कण नाही. चष्मा पुसून पुन्हा पाहिले. स्वच्छ!

वहिनी तांदूळ निवडत ओसरीवर बसल्या होत्या. मी विचारले, "वहिनी, दादाने हा भाग नवा बसवला होता का?"

"नाई जी. कोन बसवनार इथी?"

"मग हा इतका चांगला कसा राहिला? तो तर गाडी थांबली की लगेच बंद करायचा."

त्यांनी सूप खाली ठेवले. "तुमच्यासमोर, भाऊजी. घरी तं कधीच नाई. रोज फाटकात आले की गाडी चालू ठेवून आतच बसून राहत. मी ओरडत होती, पेट्रोल काऊन जाळून राह्यले, घरात या ना! तं म्हनत, थांब वं, बाबूची गाडी थंडी होऊन राह्यली."

"बाबूची?"

"घरात तं असंच म्हनत. तुम्हाले नाई मालूम?"

नाही, दादा, मला नव्हते मालूम. तू सांगितले असतेस तर काय बिघडले असते? इतकी वर्षे माझ्यासमोर किल्ली गरगरवत राहिलास, मी चिडावे म्हणून! आणि पाठीमागे माझा शब्द रोज पाळत होतास. तयार केलेले भाषण आता मी कोणाला ऐकवू?

खरा दोष नंतर सापडला. टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारी रबराची नळी पट्ट्याखाली चिरली होती. नागपूरहून नवी आणवली, मापाने आवळली. हवा गार करणाऱ्या मधल्या जाळीत तुझ्या गेल्या दसऱ्याच्या वाळलेल्या पाकळ्या होत्या. त्या फुंकून टाकता आल्या नाहीत. स्क्रूंच्या डबीत ठेवल्या आहेत.

आज सकाळी गाडी फाटकाबाहेर पडली. भंगारवाला रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहत होता. वहिनी शेजारी बसल्या होत्या. मोकळ्या रस्त्यावर टर्बोची शीळ ऐकू आली, तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर तोंड फिरवले. माझ्या दाराशी थांबलो. त्या उतरतील असे वाटले, म्हणून सवय नसताना मी किल्लीकडे हात नेला.

"राहू द्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "होऊ द्या थंडी. मी बसतो."

आम्ही दोघेही बसून राहिलो. घाई कोणालाच नव्हती.

उद्या दसरा आहे. हार मी घालीन, पण हवेच्या तोंडावर नाही, आरशाला बांधीन. तुला ते पसंत पडणार नाही, पण गाडी आता माझी आहे, असे तूच घरात सांगून ठेवले आहेस. एक मात्र शब्द देतो: यापुढे कुठूनही आलो, कितीही दमलेलो असलो, तरी किल्ली लगेच फिरवणार नाही. दाराशी थोडा वेळ बसेन. तेवढ्या वेळात तुला काय सांगायचे ते सांगेन.

तुझा,
बाबू