फुकट आलेला डबा

कंधार
ता. ३ एप्रिल १९८६

चि. सौ. सिंधु हीस तुझ्या आक्काचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोचलं. इकडं पाण्याचं सोडलं तर बरं चाललंय, तुमचंही तसंच असावं. किशनरावांना नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कायम केलं हे वाचून तुझ्या दाजींना लई आनंद झाला. त्यांनी तेवढाच मजकूर माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. कचेरी अजून पत्र्याच्या शेडात का असेना, नोकरी पक्की झाली. माय तुझ्याकडं येऊन राहिली हेही चांगलं झालं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण आपल्या मायच्या गावात ना दवाखाना ना पाणी. त्यापेक्षा लातूर बरं.

इकडं टँकर येतो त्या दिवशी गल्लीतलं कुणी कामाला जात नाही. भांडणं करून जो हंडा भरतो त्यात तुरटी फिरवून ठेवायची, गाळ खाली बसला की वरचं प्यायचं. दाजी रोजगार हमीच्या तळ्यावर जातात. मीही परत जायला लागलेय. जयंतीला पोरं मिरवणूक काढणार आहेत, पण जेवण ठेवणार नाहीत. एवढ्या माणसांच्या स्वयंपाकाला पाणी कुठून आणायचं?

तू लिहिलंस की तुझ्या नावानं टपालानं दूध पावडरचा डबा आलाय, काचेची बाटली आणि रबराचं बोंड पण आहे, आणि एक पैसा पडला नाही. आपण मागवला नाही, तरी आपलं नाव छापून आलंय याचं तुला नवल वाटलं. नाव तुझ्या दवाखान्यातून गेलं असेल. तिथं येणाऱ्या बायांची नावं ते लिहून घेतात.

सिंधु, तो डबा उघडू नकोस. फुकट आलाय म्हणून ठेवूही नकोस. पोस्टमनला परत दे, नाहीतर टाकून दे. लेकरू झालं की लगेच अंगावर घे. पहिल्या दिवशी काही आलं नाही असं वाटलं तरी घे. तुझ्या शेजारच्या साहेबांच्या बायकोनं काही सांगितलं तरी ऐकू नकोस. माझं एवढं ऐक.

आमची सुजाता पालथी पडायला लागली का असं तू विचारलंस. तिला पावडर झेपली नाही. बाकी मग कधीतरी सांगते.

दुपारची झोपत जा. किशनरावांना जयभीम. मायला म्हणावं, इकडची काळजी करू नको.

तुझी,
पंचफुला आक्का


कंधार
ता. २१ एप्रिल १९८६

चि. सिंधु,

जयभीम. इकडं सर्व खुशाल आहे असं या वेळी लिहीत नाही.

तुझं पत्र वाचलं. तू रागावलीस. “तू तुझ्या लेकीला डबा पाजलास तो चालला, माझ्या लेकराला फुकट मिळाला तर तुझ्या डोळ्यात खुपला,” असं लिहिलंस. किशनराव म्हणाले की मोठमोठ्या घरच्या बाया हाच डबा देतात, आक्का शिकलेली नाही म्हणून घाबरते. त्यांचा मला राग नाही. डब्यावरचं गुटगुटीत लेकरू बघून तुझे दाजीही असंच म्हणाले होते. चूक माझीच झाली. मी नुसतं नको म्हणाले, का नको ते सांगितलं नाही.

मायनं मला शपथ घातली होती. पोटुशी बाईला असली खबर द्यायची नाही, तिची सुटका होऊ दे, मग मी सांगते, असं ती म्हणाली. म्हणूनच तू सुजाताचा फोटो मागितलास तेव्हा माय गप्प बसली असेल. मी शपथ मोडून राहिलेय. तू बसून वाच, जवळ कुणाला तरी बसव.

सुजाता आता नाही, सिंधु. माघी पौर्णिमा झाली आणि ती गेली.

कसं झालं ते सगळं सांगते.

माझं बाळंतपण अडलं म्हणून मला नांदेडला खाजगी दवाखान्यात नेलं, हे तुला ठाऊक आहे. किती वर्षांनी लेकरू झालं होतं. मला उठताही येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी एक बाई खाटेजवळ आली. पांढरी साडी, पायात पांढऱ्या चपला, खांद्याला पिशवी. आम्ही तिला सिस्टरच समजलो. दाजींनी उठून तिला हात जोडले. तिनं सुजाताला उचललं, गालाला हात लावला, हलकी आहे म्हणाली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “तुमच्याच अंगावर मांस नाही, दुष्काळाचं साल. दूध कुठून येणार? हे पाजा. कंपनीकडून फुकट आहे.”

तिनं तिथंच बाटली बनवून दिली. सुजातानं ती घटाघटा पिली आणि झोपली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. बाईनं नाव-पत्ता लिहून घेतला आणि पुढच्या खाटेकडं गेली. ती दवाखान्याची नव्हती, डबेवाल्या कंपनीची होती, हे आम्हाला घरी यायच्या दिवशी कळलं. तेव्हाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

घरी आल्यावर मी तिला अंगावर घ्यायला गेले तर ती तोंड फिरवून रडायची. बाटली दिली की गप्प. बोंडातून दूध आपोआप येतं, अंगावर ओढावं लागतं. तिला ते ओढणं कुणी शिकवलंच नव्हतं. माझी छाती दगडासारखी झाली, ताप आला, आणि मग हळूहळू सगळं बसलं. सासूबाईंनी मेथी, खसखस, काय काय खाऊ घातलं. दूध आटलं ते आटलंच.

तेवढ्यात फुकटचा डबा संपला. आता कंधारच्या बाजारात डबा कुठं मिळतो हे शोधायच्या आतच चंद्रप्पा पोस्टमन दुसरा घेऊन आला. तो व्हीपीनं होता, पैसे देऊन सोडवायचा. आम्ही मागवला नव्हता. चंद्रप्पा म्हणाला, नको असेल तर परत पाठवतो, जबरदस्ती नाही. पण आत लेकरू रडत होतं आणि माझ्याजवळ काही नव्हतं. दाजींनी उसने आणून डबा सोडवला. पहिला फुकट आला तेव्हा आम्हाला त्याची गरज नव्हती गं. दुसरा आला तोवर त्याच्याशिवाय तिला दुसरं काही राहिलं नव्हतं.

त्यानंतरचे डबे आम्ही पुरवून पुरवून वापरले. डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा पावडर कमी, पाणी जास्त. आणि पाणी कोणतं, तर टँकरचं. बाटली दर खेपेला उकळा म्हणतात. प्यायला नाही तर बाटल्या उकळायला कुठून आणू? फडक्यानं पुसून भरायची. पांढरं दिसायचं म्हणून आम्हाला वाटायचं, दूधच पिऊन राहिलीय लेक.

मग हगवण लागली. थांबायची, परत लागायची. डोळे मोठे दिसायला लागले, मांड्यांची कातडी लोंबायला लागली. लोक म्हणायचे दृष्ट लागली. आपल्या घरात असलं मानत नाहीत, तरी सासूबाईंनी काळा धागा आणला आणि दाजींनी तो बांधू दिला.

इथल्या सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा तिथली सिस्टर, खरी सिस्टर, सलाईनसाठी शीर शोधत होती. तिनं मला विचारलं, “अंगावर का पाजत नाहीस?”

मी म्हणाले, “दूध नाही.”

“नव्हतंच, की बंद झालं?”

मी सुजाताचा पाय धरून ठेवला. तीच म्हणाली, “लेकरू ओढतं तसं ते येतं, बाई. बाटली लागली की ओढणं सुटतं. पहिल्या महिन्यात आली असतीस तर परत आणता आलं असतं.”

शीर सापडली, पण उशिरा. सकाळी दाजी चहा आणायला गेले होते. मी तिच्या छातीवर हात ठेवून बसले होते. हाताखाली हलायचं थांबलं तरी मी हात काढला नाही. ते आले, त्यांनी बघितलं आणि चहाचा पेला खाली ठेवला.

त्यानंतर तिच्या नावानं अजून एक पार्सल आलं. आता तुमचं बाळ मोठं झालं, त्याला हे नवीन खाणं सुरू करा, नमुना फुकट. छापील पत्रात तिचं नाव होतं, ‘चि. सुजाता’. चंद्रप्पाला तोंड वर करवेना. परत पाठवू का म्हणाला, पण माझ्या हातानं ते त्याला देववेना.

शेजारच्या महादेवीची पोरगी तेव्हा कोवळी होती. ती म्हणाली, “आक्का, तुम्हाला लागत न्हाई तर मला द्या की.” मी काही न बोलता डबा फोडला आणि उकिरड्यावर नेऊन ओतला. ती बघत राहिली. गल्लीत माणसं भाकरीला महाग असताना मी डबाभर अन्न उकिरड्यावर टाकलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही. माझं लेकरू गेलं म्हणून मला दुसऱ्याचं बघवत नाही, असं गल्लीत म्हणतात. परवा तिच्या घरात बाटली वाळत घातलेली दिसली. कुठून तरी मिळाली असेल.

तिलाही मी का ते सांगितलं नव्हतं. म्हणून तुला सांगितलं.

तू घाबरू नकोस. तुला काही होणार नाही, तुझ्या लेकरालाही नाही. फक्त कुणीही पांढऱ्या साडीतली बाई आली, किती गोड बोलली, तरी बाळ तिच्या हातात देऊ नकोस. मायला सांग, आक्कानं शपथ मोडली. मी तिची बोलणी खाईन.

पत्र मिळाल्याबरोबर दोन ओळी टाक.

तुझीच,
पंचफुला


कंधार
ता. १९ मे १९८६

श्री. किशनराव यांस पंचफुलाचा सविनय जयभीम.

तुम्हाला मुलगा झाला हे तुमच्या कार्डानं कळलं. आम्हा दोघांना आनंद झाला, तो खरा आहे. दाजींनी तळ्यावर सगळ्यांना गूळ वाटला.

मागचं पत्र तुम्ही सिंधुला दिलं नाही, वाचून पेटीत ठेवलं, असं तुम्ही स्वतःच लिहिलंत. तिचे दिवस भरत आले होते, असलं वाचून काही बरंवाईट झालं असतं, आणि मायलाही तसंच वाटलं. मी रागावले नाही. तुमच्या जागी मी असते तर कदाचित तेच केलं असतं. पण बाळ पहिल्या दिवसापासून बाटलीवर आहे, तुमच्या दवाखान्यात तशीच रीत आहे, आणि सिंधुला दूध कमी आहे, हे त्याच कार्डात वाचलं आणि मी चुलीपुढं बसून राहिले. सासूबाईंनी चूल विझली म्हणून हाक मारली तेव्हा कळलं.

तुम्ही असंही लिहिलंत की सव्वा महिना होईपर्यंत मी येऊ नये. लेकरू गेलेल्या बाईची सावली ओल्या बाळंतिणीवर पडू नये असं शेजारच्या बाया म्हणतात, तुम्ही तसलं मानत नाही, पण सिंधु मला बघून विचारील आणि मग लपवता येणार नाही. तेही खरं आहे. मला खोटं बोलता येणार नाही.

म्हणून हे पत्र तिला नाही, तुम्हाला लिहिलं. तुम्हीच फोडणार आहात ना.

किशनराव, तुम्ही शिकलेले आहात, नव्या कचेरीत बसता. तुमच्याकडं डबा संपला तर दुसरा येईल, पाणीही उकळता येईल. कदाचित तुमच्या बाळाला काहीच होणार नाही. लई लेकरं त्या डब्यावर जगलीही असतील. मी ते नाही म्हणत नाही. पण इथली सिस्टर पहिल्या महिन्यात परत आणता येतं म्हणाली होती. बाळाला अजून महिना झालेला नाही. बाळ रडलं तर रडू द्या, भूक लागू द्या, आणि सिंधुच्या अंगाला लावा. पहिल्यांदा ओढणार नाही. परत लावा. रात्रंदिवस लावा. मायला जवळ बसवा, तिनं आम्हा दोघींना वाढवलंय. बाटली नजरेआड ठेवा. तिला माझं काहीच सांगू नका. सुजाता बरी आहे, रांगते आहे, असं सांगा. मी कधी भेटले तर मीही तेच म्हणेन. वर लिहिलंय की मला खोटं बोलता येत नाही, पण एवढं बोलेन.

मी घरी येणार नाही. येत्या सोमवारच्या गाडीनं लातूरला येते आणि बसस्थानकातच बसते. तुम्ही कचेरीतून सुटल्यावर तिकडं या आणि बाळ अंगावर पितंय की नाही एवढं सांगा. पीत नसेल तर का पीत नाही ते सांगा, मला जे कळलंय ते मी तुम्हाला समजावून सांगेन, आणि तुम्ही जाऊन मायला सांगा. मग मी परतीच्या गाडीत बसेन. तुम्ही आला नाहीत तरी मी गाडी सुटेपर्यंत थांबेन.

बाळाला माझा आशीर्वाद कळवू नका. नुसतं जवळ घ्या.

आपली,
सुजाताची आई