चौथा थांबा

अमरावती,
२० फेब्रुवारी २०२४

ती. माणिकताईस,
चंद्रभानचा सप्रेम सलाम वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून हे पत्र. तुझा नितेश सांगत होता की त्यानं आणून दिलेलं कानाचं यंत्र तू डब्यात ठेवून दिलं आहेस. डब्याला ऐकायची गरज नाही, तुला आहे.

ईस्टरआधीचा आपला उपवासकाळ सुरू झाला. दर शनिवारी पहाटे मी वडाळीच्या पुढे जंगलाच्या कडेनं चालून येतो. पळस फुलला आहे आणि मला सारखं बाळापूर आठवतं. बाबा अंधारातच उठवायचे आणि म्हणायचे की चला, देवासंगं पाय मोकळे करून येऊ. मग बाबा, तू आणि मी मन नदीच्या काठानं निघायचो. मधेच बाबा थांबून डोळे मिटायचे आणि मी मनात आकडे मोजायचो, कारण पोटात भूक असायची. त्यांची प्रार्थना कधी शंभरात उरकायची, कधी तीनशेवर जायची. ती भूकसुद्धा आता हवीशी वाटते.

आता कामाचं. चर्चच्या पाळकसाहेबांनी मला गुड फ्रायडेच्या आधी मंडळीतल्या तरुणांना असं चालायला न्यायला सांगितलं आहे. म्हणून बाबांची शिस्त कागदावर उतरवतो आहे. बोलायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही, ठरलेल्या पाच थांब्यांशिवाय कुठे थांबायचं नाही. बाभूळ, विहीर, नदीचा उतार आणि शेवटची सीताफळं आठवतात. मधला चौथा थांबा कोणता, तो आठवून कळव.

दीपमाला तिच्या हृदयाच्या बायपासनंतर वर्षभर माझ्याबरोबर येत होती. जानेवारीपासून तिनं बंद केलं. कुंड्यांना पाणी घालायचं असतं म्हणते. कुंड्या सात. चाळीस वर्षं सोबत असलेल्या बायकोची भक्ती अशी पातळ व्हावी, हे मनाला लागलं.

लोभ आहेच, चौथा थांबा कळवून तो वाढवावा.

तुझा,
चंद्रभान


अकोला,
१ मार्च २०२४

चि. चंद्रभान यास,
माणिकताईचे अनेक आशीर्वाद.

यंत्र कानात घातलं की शेजाऱ्यांचा कुकर आधी ऐकू येतो आणि माणसं नंतर. म्हणून ते डब्यात बरं आहे. माझी काळजी सोड.

चौथा थांबा नव्हता. खरं तर पहिलाही नव्हता. माझा डावा पाय पोलिओनं बारीक आहे, हे तू विसरलास की काय? तुम्ही दोघं झपाझप जायचात आणि मी मागे पडायचे. माझा पाय घासत यायचा, त्याचा आवाज दूर गेला की बाबा थांबून डोळे मिटायचे. मी पोचले की आमेन. तुझे आकडे शंभर का आणि तीनशे का, ते आता तुझं तूच समज. विहिरीपाशी आणि उतारावर वाट खडकाळ होती, तिथे मी दर वेळी मागे राहायचे. म्हणून ती ठिकाणं तुझ्या लक्षात राहिली.

माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं हे सांगितलं. पोरीसाठी थांबलो म्हटलं तर तिले पायाचं वाईट वाटन, असं बाबा आईला म्हणाले होते. मला तेव्हा फार राग आला. म्हणजे ती प्रार्थना नुसतं सोंग होतं? बाबा तुरीच्या शेंगा सोलत होते, मी तोंडावरच विचारलं. ते म्हणाले की आधी तुह्यासाठीच थांबलो होतो, पण चालता चालता मले कधी प्रार्थना आलीच नाही, तुही वाट पाहतानाच आली. मग आम्ही दोघांनी मिळून त्या शेंगा संपवल्या. तुला सांगितलं नाही, कारण तुला त्या थांब्यांचा फार अभिमान होता.

मागे वळून पाहायचं नाही ही शिस्त बाबांची नाही, चंद्रभान, तुझी आहे. दीपमालाला धाप लागते का, हे तू कधी विचारलंस? कुंड्या किती आहेत ते तुला ठाऊक आहे. आता ती तुझ्या किती मागे असायची, ते कळव.

रागावून लिहिलं आहे. राग आहेच, आणि लोभ आहे म्हणून आहे. तो तुझ्याकडूनही असू दे.

तुझी,
माणिकताई


अमरावती,
१० मार्च २०२४

ती. माणिकताईस,
चंद्रभानचा सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो. मग शुक्रवारी संध्याकाळी सातही कुंड्यांना पाणी घातलं आणि दीपमालाला म्हटलं की उद्या चल. तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं, पण आली.

सवय वाईट असते. चढ लागला आणि मी नेहमीसारखा पुढे निघून गेलो. आठवलं तेव्हा थांबलो. तिथे झाड नाही, पाणी नाही, काटेरी तारेचं कुंपण तेवढं होतं. डोळे मिटले. काही ऐकू येईना. ती घरी परत गेली असं वाटलं. मी मोजायला लागलो, आणि चारशेच्या वर गेलो तेव्हा कुठे तिच्या चपलांचा आवाज आला. चारशे, ताई. छाती उघडून शिवलेली माझी बायको वर्षभर एवढ्या अंतरावर एकटी चालत होती, आणि मी पुढे देवाशी बोलत होतो. मला तिथेच रडू आलं. ती सुखरूप पोचू दे, एवढी एकच प्रार्थना सुचली. बाबांना काय म्हणायचं होतं, ते मला सत्तराव्या वर्षी कळलं.

तिची धाप ओसरेपर्यंत मी डोळे उघडले नाहीत. मग विचारलं की तू यायचं बंद का केलंस. मला वाटलं, ती छातीचं कारण सांगेल. ती म्हणाली की तुमी कधी मागं पाहतच नव्हते, तुमच्या अन् देवाच्या मधात मी कायले येऊ.

तिथून पुढे तिला आधी चालू दिलं आणि मी मागे राहिलो. ती फार हळू चालते. पाळकसाहेबांसाठी लिहिलेला कागद मी फाडून टाकला आहे.

लोभ आहेच. तुझ्यासारखं रागावणारं माणूस मला अजून पुष्कळ वर्षं हवं आहे.

तुझा,
चंद्रभान