गिटारची खरखर

प्रिय टिटवे,

काल फोनवर दोन मिनिटांत तू "ठेवते बाबा" म्हणालीस आणि मीही "हो, ठेव" म्हणून मोकळा झालो. त्या दोन मिनिटांत आपण माझ्या गुडघ्याबद्दल बोललो आणि तुमच्याकडच्या उन्हाबद्दल. मला फोनवर बोलता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. आई होती तेव्हा फोन तिच्या हातात असायचा आणि मी मागून "जेवली का विचार" एवढं ओरडायचो. म्हणून कागद घेतलाय. हा चौथा आहे, आधीचे तीन फाडले. दोन मुलांच्या आईला टिटवी म्हणू नये, कळतं मला. पण पाळण्यात असताना तू जे घर डोक्यावर घ्यायचीस, त्यावरून आईने ठेवलेलं नाव आहे, ते मी कसं बदलू?

आई गेल्यावर चौथ्या दिवशी तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून जे बोललीस, ते माझ्या डोक्यातून जात नाही. डॉक्टरांनी आपल्याला सांगितलं होतं की आईच्या डोक्यातली ती गाठ निदान वर्षभराची असणार आणि आईला काही ना काही जाणवत असणारच. तू म्हणालीस, "वर्षभर तिला कळत होतं आणि ती मला एका शब्दाने बोलली नाही. मला परकं केलं तिने." मग तू मला विचारलंस, तुम्हाला तरी काही बोलली होती का? मी नाही म्हणालो. आठवून, विचार करून नाही म्हणालो. तिची गिटार घेऊन जायची असं आधी ठरलं होतं, ती तू तशीच कोपऱ्यात ठेवून गेलीस. मावशी सांगत होती की आईचा फोटोही तू भिंतीवरून काढून कपाटात ठेवलायस. तुझा राग मला कळतो. आठ महिने झाले, तो उतरला नाही, हेही कळतं.

इकडचं म्हणशील तर ठीक आहे. लिफ्टच्या कंपनीने मला अजून आठवड्यातून तीन दिवस बोलवायचं ठेवलंय, कारण जुन्या लिफ्टांचं दुखणं नव्या पोरांना उमगत नाही. मी दार उघडायच्या आधी नुसत्या आवाजावरून सांगतो की कुठली कप्पी झिजली आहे. खालच्या मजल्यावरचे काका, जे आमचा रियाज सुरू झाला की काठीने छत ठोकायचे, ते परवा जिन्यात भेटले आणि म्हणाले, "वाजवा की हो काहीतरी, रविवार खायला उठतो." मी हसलो आणि वर आलो. व्हायोलिनची पेटी उघडली, गजाला राळ घासली, खुंट्या पिळून तारा सुरात आणल्या आणि सगळं परत पेटीत ठेवून दिलं. हल्ली मी एवढंच करतो.

आमचा रविवार तुला आठवत असेल. सकाळी नऊला बसायचं आणि दहापर्यंत माझी मांडामांडच चालायची. माइकची उंची, वायरी, खुर्ची अर्धा फूट इकडे, पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद. आई गिटार मांडीवर घेऊन वाट बघायची आणि म्हणायची, "नमनाला घडाभर तेल, आणि वाजवणार काय तर तीन धुना." तीनच वाजवायचो, खरं आहे. आम्ही काही मोठे वादक नव्हतो. ती ग्रंथालयात पुस्तकांची बांधणी करणारी, मी लिफ्टवाला. पण त्या तीन धुना नीट याव्यात म्हणून मी जीव काढायचो. तिचाही काढायचो.

आणि मग दुपारी संगणकावर बसून मी रेकॉर्डिंग साफ करायचो. पहिल्या सुराच्या आधीचं सगळं कापायचं, शेवटच्या सुरानंतरचं सगळं कापायचं. मधलं खोकणं, खुर्चीची कुरकुर, आईचं "थांबा हो, चुकलं", तिचं हसणं, सगळं कापायचं. उरेल ते "स्वच्छ" नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचं आणि मूळ पुसून टाकायचं, जागा अडते म्हणून. एकोणीस वर्षं मी हे केलं. आई चेष्टेने म्हणायची, "तुमच्या त्या डब्यात मी मुकीच आहे." ती गेल्यावर मी तो डबा पहिल्यापासून ऐकायला घेतला. दीड महिना रोज ऐकत होतो. टिटवे, नऊशेच्या वर फायली आहेत आणि त्यांत तुझ्या आईचा एक शब्द नाही. माझं काम इतकं चोख होतं. मी त्या खोलीत बसून हमसून हमसून रडलो, ते तुला कधी सांगितलं नाही.

शेवटच्या वर्षातल्या फायलींत एक खरखर आहे. गिटारची तार पुरती दाबली गेली नाही की ती पट्टीवर थरथरते, तसा आवाज. आई असताना मी तो पहिल्यांदा ऐकला, तेव्हा लिफ्ट उघडावी तसा कामाला लागलो. तारांचा संच बदलला. पुन्हा बदलला, जरा महागातला आणला. वायर बदलली, माइक बदलला, खोलीत हवा दमट आहे म्हणून खिडक्या लावून घेतल्या. खरखर तशीच. मग मी गिटार उचलून वाद्यं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेली. त्याने ती डोळ्यासमोर आडवी धरून बघितली, पट्टी न् पट्टी दाबून वाजवली आणि म्हणाला, "साहेब, हिला काही झालेलं नाही. वाजवणाऱ्याला विचारा." मला इतका राग आला! घरी येऊन मी आईला सांगितलं की त्याला आता कमी ऐकू येतं. ती म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तुम्ही माझ्यासाठी अंगणच बदलत बसलात." आम्ही दोघं हसलो. ती हसताना डावा हात उजव्या हाताने चोळत होती, हे मी बघितलं होतं. बघितलं होतं, एवढंच.

मागच्या मंगळवारी मी माळ्यावरची वायरींची पेटी आवरायला काढली, तेव्हा जुनं रेकॉर्डिंगचं यंत्र सापडलं. खरखरीला तेही जबाबदार असेल असं ठरवून मी ते बाद केलं होतं. त्यात कार्ड तसंच होतं आणि कार्डावर एक रविवार. त्या दिवशी इस्पितळातली लिफ्ट माणसांसकट अडकली म्हणून मला मध्येच बोलावणं आलं होतं, मी तसाच पळालो, आणि दुसऱ्या दिवशी नवीन यंत्र आणलं. म्हणून हे साफ करायचं राहून गेलं. चोपन्न मिनिटांचं आहे. आईचा आवाज आहे त्यात. सुरुवातीला ती मला चष्मा कुठे ठेवलाय ते सांगते, तुझ्या धाकट्याला दात आल्याचं सांगते, आणि मी खुर्चीवर बसून नुसता ऐकत राहिलो. मला वाटलं, देव पावला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहितो, नाहीतर हाही कागद फाडीन. बाविसाव्या मिनिटाला आई वाजवायची थांबते आणि म्हणते, "अहो, मला बोटं कळत नाहीयेत." मी म्हणतो, तार सैल असेल. ती म्हणते, "तार नाही हो, हात. सकाळी कपही पडला हातातून." मी म्हणतो, बरं, पुन्हा पहिल्यापासून घेऊ. आम्ही घेतो. खरखर येते. ती पुन्हा थांबते आणि विचारते, "डॉक्टरांना दाखवू या का एकदा?" आणि मी, तुझा बाप, चिडून म्हणतो, "रेकॉर्डिंग चालू आहे ना, नंतर बोल." ती "बरं" म्हणते. मग माझा फोन वाजतो, मी जातो, दार आपटतं. त्यानंतर ती एकटीच ती जागा वाजवून बघते, मी मोजलं, अकरा वेळा, आणि एकदाही नीट येत नाही. हे तिच्या जाण्याआधी अकरा महिने. याच्या आधीच्या आणि नंतरच्या रविवारी ती आणखी काय काय बोलली असेल, मला माहीत नाही, कारण दुपारी बसून ते मी कापलेलं आहे. तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणालो ते खोटं बोलायचं म्हणून नव्हे, मला खरंच आठवत नव्हतं, आणि ते जास्त वाईट आहे. तिने तुला परकं केलं नाही, बाळा. तिने घरात सांगितलं होतं आणि घरातला माणूस नंतर बोल म्हणाला. तुझा राग चुकीच्या पत्त्यावर गेलाय, तो इकडे पाठव, माझ्यावर काढ, मी कुठे जात नाही. पण तिचा फोटो भिंतीवर लाव. सोबत कार्ड ठेवलंय. त्यातलं मी काहीही कापलेलं नाही.

तू बोलणं टाकलंस तरी तुझाच,
बाबा