आराम दिलेला पॉवर सप्लाय

४ मे
आज उगाच तो दिवस आठवला. सर्व्हरचं खोकं वरठी स्टेशनवरून सायकलरिक्षात आणलं आणि आमच्या फोटो स्टुडिओत त्याच खोक्यावर बसून दोघांनी चिवडा खाल्ला. ह्यांच्या मिशीत शेव अडकलेली. मी सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत तसेच गिऱ्हाइकांसमोर.
आज तो सर्व्हर बंद पडला. दुपारी लाइट गेली, आली, फट्‌ आवाज, जळका वास. इतक्या वर्षांची लग्नं, बारशी त्यात. दुसरी प्रत नाही. उद्या करू, उद्या करू...

५ मे
वरठीचा निलेश आला, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. सर्व्हरला वीज देणारे पॉवर सप्लाय दोन असतात, एक गेला की दुसरा सांभाळतो. आमची दुसरी जागा रिकामी! ह्यांनी तो तीन वर्षांपूर्वी काढून, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलेला. आज बसवला. पंखा दोनदा फिरला, थांबला. पडून पडून गेला.
"काकाजी, काढला काहून?"
"एकाले आराम देत होतो. बैलाले नाही का सोडत आपण?"
"बैल तं दोन्ही संगंच जुंपते ना, काकाजी!"
निलेश हसला. हे नाही. रात्री अर्धीच पोळी खाल्ली.
डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून उघडत नाहीत म्हणे. सप्लायच हवा.

७ मे
आसगावच्या वत्सलाबाई आल्या. "मायचा एकच फोटो हाय बाई, माह्या लग्नातला. वर्षश्राद्धाले पायजे."
चार दिवसांनी या म्हटलं. खोटं. लहानपणी अशा खोट्यासाठी कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनी बाकावर उभं केलं असतं.

११ मे
नागपूरहून सप्लाय आला. दिसायला तोच. मागची पट्टी रुंद, आत जाईना. परत पाठवला. हे मॉडेलच बंद झालंय. वत्सलाबाई येऊन रिकाम्या हाताने गेल्या. हे दर तासाला विचारतात, "झाला का सुरू?" उत्तर द्यायचाही कंटाळा. मग त्यांचा चेहरा बघून वाईट वाटतं.

१४ मे
बंद राइस मिलमध्ये असाच सर्व्हर पडून होता. तिथल्या मुनीमजींनी त्यातला सप्लाय काढून दिला. "वापस पायजे," एवढंच बोलले.
बसला. सुरू!! आवाज दमेकऱ्यासारखा.
निलेश : "काकू, बंद नका करू. लय गरम होऊन राहिला. एकदा बंद झाला तं पुन्हा उठंल याची गॅरंटी नाही. जेवढं उतरते तेवढं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या."

१५ मे
उतरवणं चालू. फार हळू. पंख्याचा आवाज सकाळपेक्षा वाढलाय. मला झोप लागली तर ह्यांच्यासाठी लिहून ठेवते :
वत्सलाबाईंच्या आईचा फोटो सगळ्यांत आधी उतरवून घेतला. मोठी प्रत, काउंटरवरच्या लिफाफ्यात. त्यांच्याच हातात द्यायची.
निळी डिस्क, आसगावकडची लग्नं : तिथल्या शाळेच्या गुरुजींना, सांभाळायला.
काळी, जवाहरनगर कॉलनीची : तिथल्या महिला मंडळाला. अजून अर्धी व्हायचीय.
काम झालं की सप्लाय मुनीमजींना. तुम्ही स्वतः नेऊन द्या.
आपल्या घरचं फोल्डर मी सगळ्यांत शेवटी लावलंय. उतरलं, तर ते तुम्हाला.