उलट्या पाण्यानं रावेतला

चिंचवड,
आश्विन वद्य चतुर्थी, सन १९५५

रावेतचे मानकरी आणि आमच्या घरचे थोरले जावई श्री. दौलतराव दाजी यांना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे सोपानाचा, वाकून नमस्कार. आपली गुडघेदुखी, शालनताईचा खोकला आणि आपली खिल्लारी जोडी, तिन्हींची खुशाली कळवावी. (जोडीची आधी कळवलीत तरी आमचा राग नाही.) इकडे आई, वहिनी, मुलं सुखरूप आहेत. लक्ष्मणदादाही सुखरूप आहेत, म्हणजे हातापायांनी आहेत. डोक्याचं पुढे लिहितो. आपण पत्र नेहमीसारखं ताईला मोठ्यानं वाचून दाखवाल, म्हणून एवढंच सांगणं की कंसातला मजकूर मनातल्या मनात वाचावा.

दाजी, झालं गेलं उकरून काढायची मला हौस नाही, पण उकरल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गेल्या दिवाळीच्या तोंडावर दादा ताईला माहेरी न्यायला गाडी जुंपून तुमच्याकडे आले, आणि ओट्यावर चहा पिता पिता तुमच्या जोडीकडे बघून म्हणाले, म्हशी बऱ्या पोसल्यात. हे बोलणं वाईटच होतं. पण तुम्हीही काही कमी नाही. तुम्ही म्हणालात, "आता माझ्या दारात बैल आनायचा न्हाई. भनीला न्यायचंच आसंल तर नदीनं या, उलट्या पान्यानं. मग धाडतो." चिंचवडहून रावेतला उलट्या पाण्यानं माशाशिवाय कोणी जात नाही हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. ताई आली नाही. भाऊबीजेला चुलत बहीण ओवाळायला आली, तर दादा डोकं दुखतं म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. (डोकं दुखत नव्हतं.)

तुम्हाला वाटलं असेल, विषय मिटला. पण दादा देहूरोडला लष्कराच्या डेपोत कामाला आहेत, आणि तिथं आवारात उपड्या घातलेल्या होड्या ते रोज बघतात. माणसानं रोज काय बघावं यावरही घरात कोणी तरी लक्ष ठेवायला हवं. एके दिवशी ते भंगारवाल्याकडून एक इंजिन घेऊन आले. लढाईत ते कुठे तरी पाणी उपसत होतं म्हणे. परसात ठेवून सुरू केलं तेव्हा शेजारच्यांच्या कोंबड्या उडाल्या त्या संध्याकाळपर्यंत खाली आल्या नाहीत. दादा म्हणाले, आता फक्त होडी पाहिजे.

होडी आमच्या भैरू सुतारानं केली. भैरूनं जन्मभर गाड्या, पाभरी आणि पाळणे केलेले. होडी त्यानं देव्हाऱ्यातल्या तसबिरीपलीकडे बघितलेली नव्हती. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "दादा, हिला बैल म्होरं जुंपायचं का मागं?" पण हात असा की सागाच्या फळीला फळी मिळाली की मध्ये नख शिरू नये. आकार मात्र सवयीनं पाळण्याचा आला. येणारा जाणारा ते बघून वहिनींचं अभिनंदन करू लागला, आणि वहिनी चिडून स्वयंपाकघरातून बाहेर येईनात. त्यातच पाण्यातला पंखा ओतायला पितळ हवं म्हणून दादांनी त्यांच्या रुखवतातलं घंगाळ तांबटाकडे दिलं. त्यानंतर घरात आठवडाभर पिठलं होतं. (बिनमिठाचं.)

होडी पाण्यात सोडायला सगळं गाव घाटावर जमलं. हळदकुंकू झालं, दादांनी नारळ फोडला, इंजिन नशिबानं अजून बसवलेलं नव्हतं. खोबरं वाटून होईपर्यंत होडी बुडाली. एकदम नाही, भैरूच्या त्या नख न शिरणाऱ्या फटींतून पाणी सावकाश, जावयासारखं मानानं आत आलं आणि बसलं. लोक हसले. दादा हसले नाहीत. घरी येऊन ते जेवले नाहीत, आणि होडी काढायला कोणाला जाऊ देईनात. पवनेत चार हात पाण्याखाली ती आठवडाभर पडून राहिली.

शेवटी वहिनींनीच मनावर घेतलं. वाळवून बंब तरी पेटेल म्हणाल्या. दोन बैलजोड्या लावून आम्ही होडी काठावर ओढली. काठोकाठ पाण्यानं भरलेली ती खडकावर टेकली, आणि आम्ही पाणी गळून जायची वाट बघत बसलो. पाणी गळेना. भैरूनं खालून हात फिरवला, हात कोरडा. मग भैरूनं कपाळावर हात मारून घेतला: "आरं, चाक भिजत घालतो न्हवं आपुन!" दाजी, उन्हाळ्यात गाडीची चाकं वाळून त्यांच्या लोखंडी धावा खुळखुळायला लागल्या की आम्ही ती याच घाटावर, याच पाण्यात लाकूड फुगायला ठेवतो. बाप ठेवत होता, आजा ठेवत होता. आणि होडीही लाकडाचीच असते हे साऱ्या गावातून एकाही शहाण्याला सुचलं नाही! आम्ही बुडाली म्हणून रडत होतो, ती बापडी खाली तयार होत होती. वहिनींनी होडीला पदर लावून नमस्कार केला.

मग इंजिन बसलं, आणि ज्या दिवशी होडी निघाली त्या दिवसाचं काय लिहू? पुढे बैल नाही, मागे ढकलणारं कोणी नाही, पाणी खाली चाललंय आणि आम्ही वर! डुंबणाऱ्या म्हशींनी माना उचलून बघितलं. मी जन्मापासून नदीकाठी राहतो, पण मधल्या धारेतून आमचं गाव कधी पाहिलं नव्हतं. देवळाचा कळस, घाट, धुणं थांबवून उभ्या राहिलेल्या बायका, सगळं ओळखीचं आणि तरी कोणा मोठ्या माणसाचं गाव असावं तसं. दादा माझ्याकडे बघून नुसते मान हलवत होते. मला भीती वाटत होती आणि उतरावंसंही वाटत नव्हतं.

तेव्हा दाजी, भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आम्ही येत आहोत, उलट्या पाण्यानं. तुम्ही शब्दाचे पक्के. ताईचं गाठोडं बांधून ठेवावं. लहानथोरांस यथायोग्य. कळावे, लोभ आहेच, तो वाढवावा.

आपला,
सोपान

ता. क. खरं सांगायचं तर आम्ही परवाच रावेतला येऊन गेलो. तुम्ही बाजाराला पुण्याला गेला होता. ताईनं घरी सांगितलं की नाही ठाऊक नाही, म्हणून हा सगळा ता. क. कंसात आहे असं समजावं. ती घाटावर धुणं धूत होती. आम्हाला बघून हातातलं लुगडं तिनं सोडून दिलं. (ते आम्हाला खाली थेरगावजवळ सापडलं, वाळवून ठेवलंय.) पण दाजी, होडी चालवायची कशी हे आम्हाला समजलंय, थांबवायची कशी हे नाही. इंजिन चालू असलं की ती पुढे जाते, बंद केलं की काठाला लागायच्या आत नदी तिला मागे नेते. नांगर म्हणून वहिनींचा पाटा टाकला, तो दोरासकट गेला. भैरूनं आता वल्ही केली आहेत, ती धरायची कशी हे गावात कोणाला माहीत नाही. तर आम्ही ताईच्या समोरून वर गेलो आणि इंजिन बंद करून तिच्या समोरूनच खाली आलो. दहा हातांवर ताई. दादांनी तोंड फिरवलं आणि म्हणाले, धुरानं डोळे चुरचुरतात. इंजिन तेव्हा बंद होतं.

दुसरा ता. क. म्हणून मागणं एवढंच, की त्या दिवशी आपण स्वतः घाटाच्या खालच्या पायरीवर उभं राहून आमच्याकडे दोर फेकावा आणि ओढून घ्यावं. दादा मेले तरी तुम्हाला हाक मारणार नाहीत, म्हणून मी लिहितो. हे त्यांना कळू देऊ नये.

तिसरा ता. क. आम्ही खाली वाहत निघालो तेव्हा ताई कमरेवर हात ठेवून ओरडली ते मी गाळणार होतो, पण लिहितो: "सोपाना, त्येस्नी लिव्ह, म्होरल्या खेपंला कुनी दोर न्हाई टाकला तर मीच गोठ्यातलं दावं घिऊन पान्यात उतरनार हाय!" ताईला पोहता येत नाही, दाजी.