उचलत्या छपराची गाडी आणि मुरारीच्या दारापुढचे खळे

मी, कोंडाजी नाथू उतेकर, वय एकसष्ट, धंदा लॉरीच्या बॉड्या बांधण्याचा, राहणार वरंधजवळची उतेकरवाडी, तालुका महाड, जिल्हा कुलाबा, आपल्या मागे आपल्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते या कागदात लिहून ठेवतो. छातीच्या दुखण्याने मी खंगलो आहे, पण डोके जागेवर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी दारू पाजलेली नाही. मनात राग आहे. पण राग म्हणजे वेड नव्हे, हे मी महाडच्या डॉक्टरांना मुद्दाम विचारून घेतले आहे. मला मूलबाळ नाही. पत्नी प्रयागबाई सन १९६३ साली वारली. थोरला भाऊ मुरारी हयात आहे, आणि यातला बराच मजकूर त्याच्यासाठीच आहे.

कलम १. माझ्याकडची पाच भांडी, म्हणजे एक पितळी परात, दोन तांबे, एक वाटी व एक ताट, ही मी मुरारीस देतो. ती त्याच्या ओळखीची आहेत. सन १९५१ मध्ये प्रयागच्या हातावर पांढरे डाग उठले. मुरारीने तो महारोग ठरवला आणि तिचा हात लागलेली ही भांडी स्वतःच्या हाताने अंगणात फेकली. मी तिला महाडला नेले. डॉक्टरांनी लिहून दिले की, हे नुसते कोड आहे, महारोग नव्हे, कोणास लागत नाही. तो कागद मी मुरारीच्या हातात दिला. त्याने तो चुलीत घातला व म्हणाला, "कागदानं कातडी बदलत नाय, कोंडू. एक तर तिला म्हायेरी धाड, नायतर तू बी बाहेर हो." मी बाहेर झालो. याच भांड्यांत मी तिच्यासोबत बारा वर्षे जेवलो. माझी दहाही बोटे शाबूत आहेत. मुरारीने भांडी घेण्यास नकार दिल्यास ती त्याच्या उंबऱ्यावर ठेवून यावीत.

कलम २. माझी मोटारगाडी. तिची व्यवस्था पुढे सांगतो, आधी ती काय आहे ते नोंदवून ठेवतो, कारण मुरारी तिला 'भंगार' म्हणतो.

घर सुटल्यावर आम्ही बिरवाडीत खोली पाहिली, पोलादपुरात पाहिली. प्रयागचे हात दिसले की खोली भाड्याने गेलेली असे. सहाव्या ठिकाणाहून परतताना मी म्हणालो, "आता खोली मीच बांधतो, आणि तिला चाकं लावतो." पुण्याला लष्कराने मोडीत काढलेल्या मालाच्या लिलावात एक ट्रक घेतला. इंजिन बरे होते, पाठ गंजलेली. बिरवाडीबाहेरच्या माळावर पाठ काढून टाकली आणि सागाच्या चौकटीवर नवी खोली उभी करू लागलो. उंची बेताची ठेवली, कारण वरंधच्या घाटात कातळ रस्त्यावर ओणवलेला आहे आणि उंच गाडी वळणावर कलते. प्रयाग आत चढली, वाकून उभी राहिली आणि तशीच खाली उतरली.

"काय झालं?" मी विचारले.

"घर चांगलं हाय. पर मी लई वाकले. तुमच्या भावापुढं वाकले, खोलीवाल्यांपुढं वाकले. आपल्याच घरात तरी मला ताठ उभं राहू द्या."

म्हणून छप्पर उचलते केले. चार कोपऱ्यांत नळीत नळी बसवली, वर शिवण झाडाच्या हलक्या लाकडाची चौकट, तिच्यावर पातळ पत्रा. मध्ये जाड किंतानी कापडाच्या भिंती, त्या प्रयागने मशीनवर शिवल्या. खिडक्यांना मच्छरदाणीचे कापड. पावसाचे पाणी शिरू नये म्हणून कडांना जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. पहिल्यांदा उचलले तेव्हा छप्पर एका अंगाला कलंडले, एक नळी वाकली आणि माझे डोके फुटले. मी चारी कोपऱ्यांना चार वेगळ्या तारा आणि चार वेगळी हँडले दिली होती. माझ्या डोक्याला पट्टी बांधता बांधता प्रयाग म्हणाली, "अवो, चारी तारा एकाच रहाटावर का घेत नाय? चार गडी कधी सारखे ओढतात काय?" तेच खरे ठरले. आता एकच हँडल आहे. बेचाळीस फेरे दिले की छप्पर अडीच फूट वर येते. बाईमाणसाला एकटीला जमते. ही अक्कल तिची आहे, आणि ती माझी म्हणून सांगणारा खोटा.

आत घडीचा पलंग, घाटात भांडी पडू नयेत म्हणून कठडा लावलेली फळी, स्टोव्हची पत्रा मारलेली पेटी, खाली तोटी लावलेली पाण्याची टाकी. डॉक्टरांकडून तो कागद पुन्हा लिहून आणला आणि बाहेरच्या दारावर काचेखाली बसवला.

अकरा वर्षे आम्ही तिच्यात राहिलो. जिथे लॉरीचे काम तिथे बिऱ्हाड. थंडीत सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जात असू. प्रयाग बाजाराच्या गावी दार उघडून मशीन लावी. आधी लोक कागद वाचत, मग चोळ्या शिवायला टाकत. त्या अकरा वर्षांत तिला कोणी 'बाहेर हो' म्हटले नाही, कारण बाहेर कुठे आणि आत कुठे ते आम्ही ठरवत होतो.

कलम ३. मुरारीच्या दारापुढचे खळे. वाटणीत मुरारीने घर घेतले आणि निकामी समजून हे माझ्या पदरात टाकले. आता त्याला मोटार दारापर्यंत आणायची आहे. त्याने ते सहा वेळा मागितले, मी सहा वेळा नाही म्हटले. हे खळे मी माझे मित्र चांगू यांस देतो. ते डोंगरावरच्या वाडीत राहतात, म्हशी-शेळ्या पाळतात व वरकस, म्हणजे डोंगरउताराची नाचणी-वरीची जमीन, कसतात.

कारण असे. प्रयाग तापाने गेली तेव्हा मी तिला वाडीच्या स्मशानात आणले. मुरारी वाटेत काठी आडवी धरून उभा राहिला. "आमच्या मसणात नको," म्हणाला. मी बावन्न वर्षांचा... नव्हे, छप्पन्न वर्षांचा होतो, आणि लहान मुलासारखा त्याच्या पाया पडलो. त्याने पाय मागे घेतले. तेवढे एक मला अजून गिळता आलेले नाही, की मी पाया पडलो. चांगूला कळले तेव्हा तो म्हशीच्या पाठीवर लाकडे घालून उतरला. म्हणाला, "मिस्त्री, चला वर. आमच्या व्हाळाच्या काठाला लई जागा हाय." तिथे तिला अग्नी दिला.

चांगूने खळ्यात शेळ्या बांधाव्यात. शेणाचा ढीग मुरारीच्या दाराकडे, वाऱ्याच्या अंगाला घालावा. खळे मुरारीस किंवा त्याच्या मुलास कोणत्याही किमतीला विकू नये.

प्रयाग गेल्यापासून गाडी मी याच खळ्यात लावली आहे, दार मुरारीच्या ओटीकडे करून. रोज सकाळी तो चूळ भरायला बाहेर येतो आणि त्याला पहिला तो कागद दिसतो. पाच वर्षे दिसतो आहे. मी काच रोज पुसतो.

कलम ४. हत्यारे, म्हणजे रंधे, करवती, पाने, गिरमिटे, ही बिरवाडीचे ड्रायव्हर सयाजी यांस. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांनीच करावी.

कलम ५. आता गाडी. मी ती चांगूच्याच नावे करणार होतो. पण गेल्या महिन्यात दुपारी मुरारीची नात आवडी, वय एकोणीस, खळे ओलांडून आली.

"धाकटे आजा, दाराव लिवलंय ते खरं हाय? लागत नाय?"

"का गो?"

तिने मानेवरचा पदर बाजूला केला. कानाखाली दोन पांढरे डाग होते. "ठरलेलं लगीन मोडलं. मोठा आजा म्हणतो, हिचं ताट येगळं करा. मागच्या खोलीत ठेवलंय मला."

खोटे लिहून मरायचे नाही, म्हणून लिहितो: मला आनंद झाला. मुरारीच्या घरात, मुरारीच्या रक्तात! मी हसलोसुद्धा. पोरीने पदर पुन्हा मानेवर ओढला. तिला वाटले मी तिला हसलो. ती वळली तेव्हा माझ्या लक्षात आले की, मी हुबेहूब माझ्या भावासारखा उभा आहे. "आवडे, थांब," म्हणालो. "वर ये. चहा टाक, दोघांना. एकाच भांड्यात."

ही गाडी, शिवणयंत्र व पोस्टातील सर्व शिल्लक मी आवडीस देतो. सयाजींनी तिला गाडी चालवायला शिकवावी. गाडी खळ्यात हवी तितके दिवस उभी राहू द्यावी. चांगूने तसे कबूल केले आहे. मुरारीने गाडीत पाऊल टाकू नये, आवडीने बोलावले तरी. यामुळे मी त्यास क्षमा केली असे कोणी समजू नये. प्रयाग असती तर केली असती. मी करत नाही.

कलम ६. हे मृत्युपत्र माझ्या तेराव्या दिवशी मुरारीच्या ओटीसमोर, त्यास ऐकू जाईल अशा आवाजात, एक शब्द न गाळता वाचावे.

आज सकाळी साक्षीदार यायच्या आधी आवडीने एकटीने छप्पर उचलून पाहिले. मुरारी ओटीवर उभा होता. त्याने हाक मारली, "कोंडू, पोरीला घरी धाड."

सतरा वर्षांत त्याने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली. मी म्हणालो, "दादा, ती घरीच हाय."

वरील मजकूर मी सांगितला तसा लिहून मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे, म्हणून खाली सही करतो.

कोंडाजी नाथू उतेकर

आम्हां दोघांसमक्ष मिस्त्रींनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली:
१. भागोजी रामजी कदम, शाळामास्तर (निवृत्त), बिरवाडी
२. गोदूबाई सखाराम साळेकर, सुईण, वरंध. निशाणी डाव्या हाताचा अंगठा

मुक्काम वरंध, बुधवार, ता. २१ फेब्रुवारी १९६८